मुरगावची जपानी बोट

आमच्या घरात पणजोबांच्या मरणाच्या दोन कहाण्या आहेत. बाबा सांगतात ती अशी, की मुरगाव बंदरात जर्मन बोटी जळाल्या त्यात ते गेले. केरीची आत्या सांगते ती अशी, की त्यांची बोट जपान्यांनी बुडवली. दोघं सख्खी भावंडं, एकाच आजीने वाढवलेली, तरी या एका बाबतीत चाळीस वर्षं एकमेकांचं ऐकत नाहीत. पणजोबा बोटीवर खलाशी होते आणि दुसऱ्या महायुद्धात परत आले नाहीत, एवढ्यावर मात्र एकमत. तारीख माहीत नसल्यामुळे त्यांचं पान सर्वपित्री अमावास्येला. यंदा बाबांनी सत्तरी गाठली आणि म्हणाले, एकदा जाऊन काय ते शोधून येऊ. बाबांना जर्मन बोटीच शोधायच्या होत्या, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

सोमवार, थिवी-पर्वरी

कोकणकन्या थिवीला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. आतेभाऊ गाडी घेऊन आला होता. त्याचं घर पर्वरीला, मुक्काम तिथेच. दिवस जेवण आणि झोप यांत गेला. संध्याकाळी व्हरांड्यात बसून हातात काय काय आहे त्याचा हिशेब मांडला. एक फोटो, तोही कोणाचा ते नक्की नाही. पणजोबांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या पणजीच्या ट्रंकेत काही मोडी कागद असल्याचं आत्या म्हणते. आणि तिला आठवणारी एक खूण: बोटीचं नाव ‘आ’वर संपायचं.

आतेभाऊ मर्चंट नेव्हीत होता. त्याने पहिल्याच रात्री एक गोष्ट स्पष्ट केली. माणसाच्या नावाने शोधायला गेलो तर हाती काही लागणार नाही. मुंबईत भरती होणाऱ्या हिंदी खलाशांची नावं इंग्रज कारकुनांनी कानाला जशी आली तशी लिहिली, पुष्कळदा नुसतं नाव आणि बापाचं नाव. आडनाव नाही, गाव कधी आहे कधी नाही. करारही एकेकट्याचा नसे, अख्ख्या टोळीचा एकत्र असे. सारंग आपल्या गावची, नात्यातली पोरं घेऊन यायचा, त्याच्या हाताखाली तांडेल, त्याच्याखाली खलाशी. बोटीच्या मात्र सगळ्या नोंदी आहेत: कधी बांधली, कधी कुठून सुटली, कुठे बुडाली. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात युद्धकाळातले खलाशांचे करारही बोटीनुसारच लावलेले आहेत. आधी बोट सापडली पाहिजे, माणूस तिच्यात असेल.

बाबा म्हणाले, “बोट मुरगावात आहे.”

मंगळवार, पणजी

पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात सकाळ घालवली. 1832 साली सुरू झालेलं हे ग्रंथालय आता सहा मजली इमारतीत आहे, वर गोव्यासंबंधीचा संग्रह. मी युद्धकाळातल्या बोटींची पुस्तकं काढून बसले, बाबा मराठी वर्तमानपत्र घेऊन खिडकीशी.

मुंबईहून माणसं घेणारी मोठी कंपनी म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, खलाशांच्या तोंडी ‘बीआय’. यादी उघडली आणि आत्याच्या खुणेची किंमत कळली. बीआयच्या जवळजवळ सगळ्याच बोटींची नावं ‘आ’वर संपतात! गेरसप्पा, रोहना, तळंबा, तिलावा, आणखी कितीतरी. आपल्या गेरसप्प्याच्या नावाची ही बोट फेब्रुवारी 1941 मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येला जर्मन पाणबुडीने बुडवली. चांदी घेऊन कलकत्त्याहून निघाली होती, एकच अधिकारी वाचला. रोहना नोव्हेंबर 1943 मध्ये अल्जीरियाजवळ जर्मन विमानातून सोडलेल्या बाँबने गेली. तिच्यावर अमेरिकन सैनिक होते, हजाराच्या वर मेले, आणि बोटीवरच्या हिंदी खलाशांचा उल्लेख एका ओळीत.

हे वाचताना एक राग हळूहळू चढत जातो. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश व्यापारी बोटींवर पन्नास हजारांच्या आसपास हिंदी खलाशी होते, म्हणजे दर चार माणसांत साधारण एक. पगार गोऱ्या खलाशाच्या काही हिश्श्याने. 1939 मध्ये युद्ध सुरू होताच पगारवाढीसाठी त्यांनी बोटी अडवल्या, तेव्हा शेकड्यांनी तुरुंगात गेले. युद्ध संपेपर्यंत सहा हजारांहून जास्त मेले. त्यात गोव्याची माणसंही पुष्कळ, आणि गोवा तर पोर्तुगालचा, म्हणजे या युद्धात तटस्थ. ज्या देशाचे नागरिक त्या देशाचं युद्धच नाही, आणि मरण दुसऱ्याच्या झेंड्याखाली. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. “मुंबईत पगार मिळायचा. इथे काय मिळायचं?”

बुधवार, मुरगाव

हा दिवस बाबांचा. झुआरी पूल ओलांडून वास्को, तिथून सड्याला चढलो. जपानी उद्यानाच्या कठड्यापाशी उभं राहिलं की खाली खडक, पलीकडे नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटी. आतेभावाच्या सासऱ्यांना आधी फोन केला होता. ते मुरगाव बंदरातून निवृत्त झालेले आणि त्यांचे वडीलही तिथेच कामाला होते. त्यांना आम्ही सासरेबुवा म्हणतो. त्यांनी येताना काजू आणि दुर्बीण दोन्ही आणलं.

जर्मन बोटींची हकीकत त्यांना पाठ होती. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा हिंदी महासागरातल्या काही जर्मन बोटींना जवळचं तटस्थ बंदर म्हणजे मुरगाव. एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स या तीन जर्मन बोटी, ब्रेमेनच्या एका कंपनीच्या. अनफोरा ही चौथी, इटालियन. बाहेर पडलं तर इंग्रज पकडणार, म्हणून वर्षानुवर्षं इथेच नांगरलेल्या. खलाशी बंदरात उतरायचे, बाजार करायचे. सासरेबुवांच्या वडिलांनी त्यांना पाव आणि कोंबड्या विकल्या होत्या.

इंग्रजांना संशय होता की एरेनफेल्सवर चोरटं बिनतारी यंत्र आहे आणि मुंबईहून सुटणाऱ्या बोटींची खबर त्यावरून पाणबुड्यांना जाते. तटस्थ बंदरात उघड हल्ला करता येईना. मग त्यांनी कलकत्त्याच्या अर्धवेळ घोडदळातले चहाच्या आणि तागाच्या कंपन्यांचे मध्यमवयीन साहेब गोळा केले. फीबी नावाची गाळ वाहणारी बार्ज हिंदुस्थानला वळसा घालून कोचीनला आली, बहुतेक मंडळी आगगाडीने येऊन तिथे तिच्यावर बसली आणि 9 मार्च 1943 च्या पहाटे एरेनफेल्सवर चढली. कार्निव्हालचे दिवस, त्यामुळे बरेचसे खलाशी किनाऱ्यावर. एरेनफेल्सचा कप्तान आणि काही जर्मन मारले गेले. जर्मनांनीच आपल्या बोटीचे झडप उघडून ती बुडवायला घेतली, आणि ते बघून बाकीच्या तिन्ही बोटींवर त्यांच्याच माणसांनी आगी लावल्या. फीबी गुपचूप निघून गेली. पुढची पस्तीस वर्षं इंग्रजांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही.

“मग आपले किती गेले?” बाबांनी विचारलं.

“आपले? बोटींवर आपलं कोणी नव्हतंच. चढले ते साहेब आणि मेले ते जर्मन.”

बाबा बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिले. मग पणजोबा त्या रात्री किनाऱ्यावरून कोणाला तरी मदत करायला पोहत गेले असतील, अशी एक नवी शक्यता त्यांनी काढली. आतेभावाने माझ्याकडे बघितलं, मी काजूंकडे.

सासरेबुवांनी मग सहज म्हणून जे सांगितलं त्याने माझे कान टवकारले. “जर्मन बोटी सगळ्यांना माहीत असतात. जपानी बोट कोणाला आठवत नाही.”

ऑक्टोबर 1943 मध्ये जपानची तेइया मारू मुरगावात आली. मूळची ती फ्रेंच प्रवासी बोट, जपान्यांनी ताब्यात घेतलेली. बाजूंवर रात्रीही दिसावेत असे मोठे क्रूस रंगवलेले. तिच्यात जपान, चीन, फिलिपिन्स इथे अडकलेले अमेरिकन, कॅनडियन आणि इतर नागरिक होते, दीड हजारांच्या आसपास. समोरून न्यूयॉर्कहून स्वीडनची ग्रिप्सहोम आली, तिच्यात जवळपास तेवढेच अमेरिकेतले जपानी. तटस्थ बंदर म्हणून अदलाबदलीला मुरगाव निवडलेलं. दोन्ही बोटी धक्क्याला लागल्या, या बोटीतली माणसं त्या बोटीत आणि त्या बोटीतली या बोटीत चढली, आणि दोन्ही बोटी आल्या तशा गेल्या. सासरेबुवांचे वडील धक्क्यावर सामान हलवत होते. ग्रिप्सहोमवरचं जेवण बघून जपानहून आलेल्या गोऱ्या बायका रडल्या होत्या, असं ते सांगत.

“म्हणजे मुरगावात जपानी बोट होती,” मी म्हटलं.

“होती ना. ती बघायला लांबलांबून लोक आले होते. कैदी सुटून आलेत, अशी आवई होती.”

घरात एक बोट जर्मन आणि एक जपानी, आणि दोन्ही मुरगावच्या. कहाण्यांचा गुंता कुठे झाला असावा, त्याचा पहिला धागा इथे हाती लागला. बाबांना मात्र जेवायला उशीर झाल्याची जास्त काळजी होती. वास्कोत सुंगटांची कढी आणि भात जेवलो आणि परतलो.

गुरुवार, पेडणे

गोव्यात पोर्तुगीजांनी 1914 पासून जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद सक्तीची केली, हिंदूंचीसुद्धा. घराण्याचा शोध घेणाऱ्याला हे केवढं मोठं देणं आहे, ते मुंबई-पुण्याच्या माणसाला पटकन कळत नाही. पेडण्याच्या निबंधक कचेरीतल्या बाईंनी वर्ष आणि गाव विचारलं, आत गेल्या आणि जाडजूड बाड घेऊन आल्या. शाई तपकिरी झालेली, अक्षर मात्र देखणं.

मृत्यूच्या बाडात पणजोबा नव्हते. या जमिनीवर ते मेलेच नव्हते, त्यामुळे नसणारच. मग बाबांच्या धाकट्या काकांचा जन्म शोधला. सापडला: जानेवारी 1943, केरी. बापाच्या नावापुढे धंदा लिहिलेला, एंबार्कादिसो, आगबोटीवर नोकरी करणारा. आणि पुढे: गैरहजर, मुंबईस.

बाईंना हे रोजचं असेल. आम्हाला मात्र त्या एका ओळीने अर्धी यादी पुसून दिली. मूल जानेवारी 1943 चं, म्हणजे 1942 च्या एप्रिलच्या आसपास पणजोबा घरी होते. 1941 मध्ये बुडालेली गेरसप्पा बाद. जन्माची नोंद करायला आलेल्या, त्या मुलाच्या आजोबांच्या लेखी पणजोबा अजून जिवंत, नोकरीवर. पण पणजीची एक आठवण घरात सगळे सांगतात: धाकट्याला बापाने बघितलंच नाही. तेव्हा 1942 चा उन्हाळा ते 1943, एवढाच काळ उरला, आणि त्यात ‘आ’वर संपणारी, जपान्यांनी बुडवलेली बोट.

आतेभावाने कचेरीच्या पायरीवरच फोन काढला. “तिलावा,” तो म्हणाला. “23 नोव्हेंबर 1942.”

बाबा म्हणाले, एका कागदावरून एवढं ठरवू नका. बरोबरच होतं त्यांचं.

शुक्रवार, केरी

हरमल मागे टाकून केरीला उतरलो की समुद्र आणि तेरेखोलची खाडी दोन्ही एकदम समोर येतात. आत्याचं घर सुरूच्या बनामागे. माडीखालच्या खोलीत नेताजींचा जुना कॅलेंडरवरचा फोटो, काचेत घातलेला. आजोबांनी लावलेला, म्हणून अजून आहे.

ट्रंक आधीच पुढे काढून ठेवली होती. आत नऊवारी, एक चांदीची करंडी, आणि मेणकापडात गुंडाळलेले कागद. दुपारी मांद्र्याहून मोडी वाचणारे निवृत्त मास्तर आले. चष्मा पुसला, बहुतेक कागद बाजूला सारले, जमिनीचे, भाताच्या देण्याघेण्याचे. मग एक चतकोर कागद हातात घेऊन थांबले.

शके 1864, कार्तिक शुद्ध सप्तमी, मुक्काम मुंबई. गाववाल्याच्या हाती पाठवलेलं पत्र, म्हणून टपालाच्या तपासनिसाची भीती नाही आणि बोटीचं नाव बेधडक. तिलावा बोटीवर लागलो. सारंग रेडीचा, आपला माणूस. आफ्रिकेची फेरी. बोट चार-पाच दिवसांत सुटेल म्हणतात. तेरा रुपये पाठवतो. होणाऱ्या बाळंतपणाला तुझ्या आईला बोलाव. थोरल्याला शाळेतून काढू नकोस. इतकंच.

मास्तरांनी दुसऱ्यांदा वाचलं. बाबा उठून ओसरीवर गेले.

तिलावा मुंबईहून 20 नोव्हेंबर 1942 ला निघाली, मोंबासा, मोझांबिक आणि दरबानच्या वाटेने. साडेनऊशेवर माणसं होती, प्रवासी बरेचसे पूर्व आफ्रिकेला परतणारे गुजराती. मालात दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी चांदीच्या 2,364 लाद्या. 23 तारखेच्या पहाटे सेशेल्सच्या ईशान्येला नऊशेवर मैलांवर जपानच्या आय-29 पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. बोट लगेच बुडाली नाही. लोक होड्यांत, तराफ्यांवर उतरले, आणि मग दुसरा टॉर्पेडो आला. 280 माणसं गेली, त्यांतले 28 बोटीवर काम करणारे. 25 तारखेला ब्रिटिश क्रूझर बर्मिंगहॅमने 678 जणांना पाण्यातून उचललं.

हे मी आत्याला वाचून दाखवत होते. ती ऐकत होती आणि मान हलवत होती, तिला हे आधीपासून माहीत असल्यासारखी. मग एकदम म्हणाली, “आणि आज्येन बघितल्यान ती बोट. जपानची. मुरगावात.”

बाबा ओसरीवरून ओरडले, “बघितलंस? मुरगाव!”

आत्याने सांगितलं ते असं. पणजी दरवर्षी दसऱ्याला ही गोष्ट सांगायची आणि घरातले हसायचे. बाळ नऊ महिन्यांचं झालं तेव्हा कोणीतरी खबर आणली, मुरगावात जपानची बोट लागली आहे, कैदी सोडले आहेत. पणजीने बाळ जावेकडे दिलं, थोरल्याला, म्हणजे माझ्या आजोबांना, बरोबर घेतलं आणि निघाली. चोपड्याला होडीची तर, शिवोली, म्हापसा, बेती, पणजी. दोना पावलाहून गॅसोलीनमध्ये बसून पलीकडे. तेव्हा लाँचला गॅसोलीन म्हणत. धक्क्याजवळ जाऊ देईनात. लांबून बोट दिसली, बाजूवर क्रूस. माणसं उतरत होती ती सगळी गोरी. दिवसभर एकेक माणूस उतरताना बघत ती उभी राहिली. बारा वर्षांच्या आजोबांना ऊन लागलं. संध्याकाळी त्याच वाटेने परत.

“मगे ती मुरगावचा नाव काढी नाय,” आत्या म्हणाली. “भाऊ मात्र सांगी, मुरगावात बोटी जळाल्यो. तेका पोरपणात तिथलो आगीचो वास आठवायचो.”

भाऊ म्हणजे आमचे आजोबा. ऑक्टोबर 1943 मध्ये त्या बंदरात मार्चमध्ये जळलेल्या बोटींचं काहीतरी दिसत असणार, लोक ते दाखवत असणार. मुलाने जळकी बोट बघितली, आईने जपानी. दोघांनी आपापलं सांगितलं आणि पुढच्या पिढीत बाबांनी मुलाची गोष्ट उचलली, आत्याने आईची. खोटं कोणीच बोललं नव्हतं. बाबांना हे पटायला वेळ लागला, पण चहा पिताना त्यांनी आत्याच्या ताटलीत आपली खापोळी ठेवली, आणि आमच्या घरात माफी एवढीच असते.

आतेभाऊ तोवर आय-29 बद्दल वाचत होता. वाचता वाचता त्याने फोन खाली ठेवला आणि भिंतीकडे बघितलं. एप्रिल 1943 मध्ये मादागास्करच्या आग्नेयेला खवळलेल्या समुद्रात जर्मन पाणबुडीतून रबरी होडीने नेताजी जपानी पाणबुडीत गेले आणि मे महिन्यात सुमात्राजवळच्या साबांगला उतरले, ती पाणबुडी हीच. तिलावा बुडवल्यावर पाचेक महिन्यांनी. आय-29 ही पुढे जुलै 1944 मध्ये अमेरिकन पाणबुडीने बुडवली.

कोणीच काही बोललं नाही. मला वाटलं, आता फोटोचं काहीतरी होणार. आत्याने पदराने काच पुसली. “तेंनी काय बोट बुडवल्यानी? तो फोटो थंयच ऱ्हवतलो.”

शनिवार, रेडी

केरीहून फेरीबोटीने तेरेखोल, किल्ल्याखालून पुढे महाराष्ट्राची हद्द, आणि रेडी. पत्रातल्या सारंगाचं घर शोधायला फारसे कष्ट पडले नाहीत. यशवंतगडाच्या बाजूच्या वाडीत दुकानात नुसतं विचारलं, कोणाचे वडील बोटीवर सारंग होते, आणि तीन घरं सांगितली गेली. दुसऱ्या घरात नव्वदीकडे झुकलेले आजोबा खाटेवर बसले होते. तिलावाचं नाव काढल्यावर त्यांनी सुनेला बाहेरची खुर्ची आणायला सांगितलं.

त्यांचे वडील वाचले होते. दोन दिवस तराफ्यावर, पिंपात थोडं पाणी, उन्हाने ओठ फाटलेले. लांबून बोट दिसली तेव्हा लोक घाबरले, परत जपानीच असेल म्हणून. मुंबईला आणल्यावर कंपनीने कपडे दिले. टोळीतले जे परत आले नाहीत त्यांच्या घरी जायचं काम सारंगाचं होतं, कारण भरती त्याने केलेली. केरीलाही ते गेले होते.

“तुमच्या आजयेन इचारल्यान, तू मरताना बघितलंस काय? बाबा बोलले, नाय. ती बोलली, मगे तू खोटा कशाक बोलतंस? बाबा आमका सांगत, चांदणा होता, दिवसासारखा. होडये दिसत, माणसां दिसत. तोच काय दिसाक नाय.”

पणजीने सारंगाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही, पण कुंकूही पुसलं नाही. बारा वर्षं वाट बघितली, मग जे करायचं ते केलं, एवढं आम्हाला माहीत होतं. का, ते आज कळलं.

परतीच्या फेरीबोटीत आतेभावाने 1942 चं पंचांग शोधलं. 22 नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा. त्या रात्रीच्या पहाटे तिलावा बुडाली. म्हाताऱ्याच्या तोंडचं चांदणं आणि इंग्रजांच्या कागदातली तारीख अशी एकमेकांना येऊन भिडली, तेव्हा मला खरं म्हणजे पहिल्यांदा खात्री वाटली. मोडी पत्राने नव्हती वाटली तेवढी.

रात्री राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत आतेभावाने माणसाचं नाव न घालता तारीख आणि मर्चंट नेव्ही एवढंच घातलं. एकेक नोंद उघडत गेलो. बाबांनी ओळखलं, नाव वेडंवाकडं, पण बापाचं नाव बरोबर, पत्त्याला गोवा. स्मारक: मुंबई 1939-1945. हे स्मारक मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. डोंबिवलीहून लोकलने तासाभराच्या अंतरावर, आणि आम्ही आयुष्यभर त्या स्टेशनवरून गेलोय.

चांदीचंही वाचलं, त्या रात्री झोप येईना म्हणून. 2017 मध्ये एका ब्रिटिश कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोल पाण्यातून त्या लाद्या वर काढल्या आणि गाजावाजा न करता इंग्लंडला नेल्या. वर काढल्याचा मोबदला दक्षिण आफ्रिकेकडून मागता येतो का, यावरून खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, मे 2024 मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. चांदीचा पत्ता शोधायला यंत्रं, वकील, न्यायाधीश सगळे लागले. रेडीच्या सारंगाने 28 घरांपैकी आपल्या वाटणीची घरं पायी केली होती.

रविवार, केरी-थिवी

सकाळी तिथीचा प्रश्न निघाला. आतेभावाचं म्हणणं, तारीख मिळाली तर आता कार्तिक वद्य प्रतिपदेला श्राद्ध व्हायला हवं. भटजींना फोन केला. त्यांनी तिथी केव्हा लागली, मृत्यूची वेळ कोणती, असं बरंच विचारलं आणि प्रतिपदाच धरा म्हणाले. आत्या ऐकेना. इतकी वर्षं सर्वपित्रीला पान वाढलं, ते बंद केलं तर ते उपाशी राहणार नाहीत का? शेवटी ठरलं ते असं: सर्वपित्री आहे तशीच, आणि प्रतिपदेला आणखी एक पान, कावळ्याला नाही, तेरेखोलच्या तोंडाशी पाण्यात. शास्त्रात बसतं की नाही, ते भटजींना विचारायचं नाही.

क्यूला तिलावाच्या कराराच्या प्रतीसाठी अर्ज आतेभाऊ करणार आहे. मशीद बंदरला बाबा आणि मी जाणार. रेडीच्या आजोबांनी सांगितलेल्या आणखी दोन घरांचे पत्ते आत्याच्या वहीत आहेत. एक आरोंद्याला, एक शिरोड्याला.

थिवीच्या फलाटावर बाबांना शेजारच्या बाकड्यावर सावंतवाडीचे एक गृहस्थ भेटले. गाडीला उशीर होता. पाच मिनिटांत बाबा सांगत होते, “आमच्या आजोबांची बोट जपान्यांनी बुडवली. पाणबुडीत कोण होतं माहीत आहे? नेताजी!”

“अहो बाबा, नेताजी नंतर बसले. पाच महिन्यांनी.”

“तेच ते,” बाबा म्हणाले आणि मुरगावकडे वळले.